फार्माकोजिनोमिक्स शिकवण्यासाठी परदेशी जावे का?

प्रश्न: मी बारा वर्षे बी. फार्म.च्या विद्यार्थ्यांना फार्माकॉलॉजी शिकवत असून, फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीतून एक सत्र अमेरिकेत फार्माकोजिनोमिक्स (माणसाच्या जनुकांनुसार औषधांचा परिणाम कसा बदलतो, याचे शास्त्र) शिकवण्याचा विचार करीत आहे. पीएच.डी.चे दोन विद्यार्थी हाताखाली असताना जाणे योग्य ठरेल का?

उत्तर १: अवश्य जावे, मात्र उदाहरणे इथली न्यावीत. रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारे क्लोपिडोग्रेल हे औषध यकृतातील सीवायपी2सी19 या विकरामुळे क्रियाशील होते. ज्यांच्यात ते विकर जवळजवळ निष्क्रिय असते, त्यांना या औषधाचा गुण कमी येतो, म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2010 मध्ये माहितीपत्रकात चौकटीतील इशारा घालायला लावला. हे विकर निष्क्रिय करणारी जनुकीय रूपे भारतीयांत बरीच आढळतात, हे मी तिथल्या वर्गात फळ्यावर मांडले, तेव्हा तास संपूनही कोणी जागेवरून उठले नाही.

उत्तर २: आशियाई विद्यापीठांचाही विचार व्हावा, असे मला मनापासून वाटते. कार्बामाझेपिन या अपस्मारावरील औषधामुळे उद्भवणाऱ्या स्टीव्हन्स-जॉन्सन या त्वचेच्या गंभीर विकाराचा एचएलए-बी*15:02 या जनुकीय रूपाशी असलेला संबंध 2004 मध्ये तैवानमधील संशोधकांनीच दाखवला. राहिला विद्यार्थ्यांचा प्रश्न. निघण्यापूर्वी सहमार्गदर्शक नेमून घ्या.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. सहमार्गदर्शकाचा अर्ज उद्याच विद्यापीठाकडे देतो.