भावाला २९व्या वर्षी आतड्याचा कॅन्सर, माझी तपासणी कधी करू?

नमस्कार, मदत हवी आहे. धाकट्या भावाला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं निदान झालंय. वय २९, व्यसन नाही, आईबाबांपैकी कोणालाही कॅन्सर नाही. मग यालाच का, हा प्रश्न घरात रोज निघतो.

गाठीच्या तपासणीत एमएसएच२ आणि एमएसएच६ ही प्रथिनं आढळली नाहीत. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, तेव्हाच्या चुका ती दुरुस्त करतात. ती नसली की चुका साठत जातात आणि कॅन्सर तरुणपणीच होऊ शकतो. हा दोष जन्मजात, म्हणजे लिंच सिंड्रोम, असू शकतो. तसं असेल तर मलाही तो असण्याची शक्यता ५० टक्के. (आईबाबांपैकी एकाला दोष असूनही कधीकधी कॅन्सर झालेला नसतो, हे मला नवीनच कळलं.) भावाची जनुकीय चाचणी झाली आहे, रिपोर्टला काही आठवडे लागतील. त्याचे उपचार सुरू आहेत, त्याबद्दल सल्ला नकोय.

मी ३४ वर्षांची, त्रास काहीच नाही. शौचातल्या रक्ताची तपासणी केली, ती ठीक आली. पण तेवढ्यावर विसंबू नका, असं डॉक्टर म्हणाले. कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं आतून तपासणं) करणार हे नक्की.

ज्यांच्या घरी असं घडलंय, त्यांनी भावंडांची कोलोनोस्कोपी जनुकीय रिपोर्ट येण्याआधीच केली का? आणि रिपोर्टमध्ये ‘बदल आहे, पण अर्थ अनिश्चित’ असं आलं, तर पुढच्या तपासण्या किती अंतराने करायला सांगितल्या?