फ्यूजचा डीमन अडकला की अख्खी सिस्टीम अडकते – मदत हवी आहे

मंडळी, आम्ही चार-पाच जण फावल्या वेळात एक छोटा मुक्त-स्रोत कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) सांभाळतो. व्हीएफएस (फाइलसिस्टीमना जोडणारा कर्नलमधला थर) बीएसडी या युनिक्स घराण्याच्या वळणाचं. एकेक फाइलसिस्टीम कर्नलमध्ये लिहीत बसण्याइतकी माणसं नाहीत, म्हणून युजरलँडचा रस्ता धरला, म्हणजे फाइलसिस्टीम कर्नलबाहेर साध्या प्रोग्रॅममध्ये चालवायची. नेटबीएसडीच्या पफ्ससारखं स्वतःचं काही काढावं असंही एकाचं म्हणणं होतं. पण लिनक्सचा फ्यूज प्रोटोकॉल (कर्नल आणि असा प्रोग्रॅम, म्हणजे डीमन, यांच्यातली बोलण्याची पद्धत) जसाच्या तसा उचलला तर एसएसएचएफएससारखी (दूरच्या संगणकावरच्या फाइल्स एसएसएचवरून दाखवणारी) तयार सोय मिळते. हेडर फाइल बीएसडी परवान्यातही आहे, त्यामुळे परवान्याशी घोडं अडलं नाही.

इनिट, लुकअप, गेटअ‍ॅटर, रीड या विनंत्या चालतात. (फर्गेटला उत्तर येत नसतं हे कळेपर्यंत दोन संध्याकाळी गेल्या.) खरी अडचण पुढे आहे. डीमनला सिगस्टॉप (थांबवणारा सिग्नल) दिला की माउंटमधलं, म्हणजे त्या जोडलेल्या फाइलसिस्टीममधलं एलएस (फाइलयादीची आज्ञा) लटकतं, ते ठीक. पण थोड्या वेळाने रूट डिरेक्टरीतलं एलएससुद्धा लटकतं! किल -९ ला (प्रोसेस सक्तीने मारण्याच्या आज्ञेला) कोणी दाद देत नाही. हा पॅच मुख्य शाखेत घ्यायचा कसा?

दुसरं, साध्या वापरकर्त्याने केलेलं माउंट रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याला दिसावं का, यावर आमच्यात जुंपली आहे.

प्रतिसाद

तुमचं लुकअप पालक डिरेक्टरीचं लॉक हातात ठेवून माउंट ओलांडतंय. मग मागून येणारा प्रत्येक जण त्याच्या वरचं लॉक धरून थांबतो आणि ही रांग रूटपर्यंत चढते. झाकलेल्या व्हीनोडचं (माउंटखालच्या डिरेक्टरीची कर्नलमधली नोंद) लॉक आधी सोडा. शिवाय माउंटचा रूट व्हीनोड देताना डीमनला विचारूच नका. फ्यूजमध्ये रूटचा नोड क्रमांक कायम १ असतो.

किलचं असं आहे: डीमनने विनंती अजून वाचली नसेल तर ती रांगेतून काढून ईइंटर (मध्येच अडवल्याची चूक) द्या. वाचली असेल तर लिनक्ससुद्धा इंटरप्ट पाठवतो आणि उत्तराची वाट पाहतो. म्हणून तिथे जोडणी मुद्दाम तोडायला फ्यूजच्या कंट्रोल फाइलसिस्टीममध्ये (/sys/fs/fuse/connections) अबॉर्ट फाइल ठेवली आहे. तुम्हालाही तसं काहीतरी लागेलच. डीमन ज्यातून विनंत्या वाचतो ते डिव्हाइस बंद झालं की लटकलेल्या विनंत्या आपोआप चूक घेऊन परतल्या पाहिजेत. फक्त डीमनने फोर्क केला (स्वतःची नक्कल प्रोसेस काढली) असेल तर डिव्हाइसचा डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) पोराकडे, म्हणजे त्या नकलेकडे उरतो, तेवढं पाहा.

प्रतिसाद

रूटच्या वादाबद्दल: २००५ मध्ये २.६.१४ आवृत्तीत फ्यूज घेताना लिनक्सवाल्यांचंही यावरूनच वाजलं होतं. शेवटी अलाउ_अदर हा माउंटचा पर्याय दिल्याशिवाय रूटलाही आत प्रवेश नाही असं ठरलं. कारण साधं आहे: डीमन ज्याच्या हातात, तो आत शिरणाऱ्या प्रोसेसवर पाळत ठेवू शकतो किंवा तिला हवं तितका वेळ टांगून ठेवू शकतो. रूटने चालणारा बॅकअप असा टांगला गेला तर काय कराल? मी तरी नाहीच म्हणेन.

आणि लिहिणं सध्या थेट डीमनपर्यंत जाऊ द्या. मळकी पानं (बदललेला, पण अजून डीमनकडे न गेलेला मजकूर) मेमरीत साठवलीत तर मेमरी कमी पडल्यावर कर्नल डीमनची वाट पाहील आणि डीमन मेमरीची. लिनक्समध्ये असं लिहिणं साठवून ठेवणारी राइटबॅक कॅशे फ्यूजसाठी ३.१५ आवृत्तीला, म्हणजे २०१४ मध्ये आली, तीही ऐच्छिक.

धागाकर्ता

लॉक आधी सोडल्यावर रूटचं एलएस चालू राहिलं, आभार! अबॉर्टही जोडलं. पण डीमन मारल्यावर विनंत्या तरी परतेनात. शोधलं तर फोर्कचंच निघालं: एसएसएचची प्रोसेस डिव्हाइसचा डिस्क्रिप्टर घेऊन बसली होती. क्लोज-ऑन-एक्झेक (नवा प्रोग्रॅम सुरू होताना डिस्क्रिप्टर बंद करणारी खूण) लावून आज रात्री पुन्हा चालवतो.