डेस्कटॉपचे रूप बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला पैसे का मोजावेत?

पवईकर (धागाकर्ता):
अशा सॉफ्टवेअरला ‘नुसती सजावट’ ठरवले, की त्याला पैसे कशाला द्यायचे हा प्रश्न आपोआप निकालात निघतो. मी स्वतः टास्कबार आणि स्टार्ट मेनू बदलणारे एक छोटे सॉफ्टवेअर लिहितो आणि ८०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९४४ रुपयांना एकदाच विकतो. तेव्हा या वादात माझा स्वार्थ आहेच.

२०२१ मध्ये विंडोज ११ आले तेव्हा टास्कबार पडद्याच्या वर किंवा बाजूला नेण्याची, विंडोज ९५ पासून चालत आलेली सोय गेली. ती परत आणायला अधिकृत वाट नव्हती. एक्सप्लोररच्या, म्हणजे टास्कबार आणि डेस्कटॉप दाखवणाऱ्या विंडोजच्याच प्रोग्रामच्या, चालू प्रोसेसमध्ये आपली डीएलएल (कोडची फाइल) घुसवून आतली फंक्शन्स अडवावी लागतात आणि या फंक्शन्सची कुठेही अधिकृत माहिती नसल्यामुळे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणाऱ्या अपडेटने ती जागची हलली, तर एक्सप्लोरर सुरू होताच कोसळतो आणि ग्राहकाच्या पडद्यावर टास्कबारही राहत नाही, आयकॉनही राहत नाहीत. ते अपडेट आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराच्या सुमारास येते, म्हणून त्या रात्री मी जागा असतो. शिवाय एक मॉनिटर १०० टक्के स्केलिंगचा (पडद्यावरचे सगळे किती मोठे दिसावे त्याचे प्रमाण) आणि दुसरा १५० टक्क्यांचा असला, की मेनू भलतीकडेच उघडतो, तेही तपासायचे. सॉफ्टवेअर माझेच आहे हे विंडोजला पटवणाऱ्या कोड सायनिंगच्या सर्टिफिकेटचे पैसे वेगळे. एकदा लिहून मोकळे होण्यासारखे हे काम नाही.

लॅमिंग्टन रोडवाला:
आपल्या कष्टांबद्दल शंका नाही, पण कष्ट पडले म्हणून किंमत योग्य ठरते, हे मला पटत नाही. डेस्कटॉप सजवणारे रेनमीटर वर्षानुवर्षे मोफत आणि मुक्त स्रोत आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्ट बटण गेले, तेव्हा असंख्य लोकांची सोय मोफत मिळणाऱ्या क्लासिक शेलने केली. २०१७ मध्ये त्याच्या लेखकाने काम थांबवले, पण सोर्स कोड खुला करून. म्हणूनच ते आज ओपन-शेल या नावाने चालू आहे. आपण उद्या दुकान बंद केलेत आणि परवाना तपासणारा ॲक्टिव्हेशनचा सर्व्हर काढून घेतलात, तर नव्या पीसीवर माझे ९४४ रुपये कोणत्या कामाचे? आणि विंडोजचे पैसे एकदा भरलेल्या माणसाने त्यातून काढलेल्या सोयीसाठी दुसऱ्यांदा खिशात हात का घालावा?

गिरगावची डीटीपीवाली:
माझा टास्कबार उभा, डाव्या कडेला असतो, कारण लग्नपत्रिकेचे उभे पान पूर्ण दिसावे लागते. मोफत मिळणारे एक सॉफ्टवेअर मी वापरत होते. ऐन लग्नसराईत अपडेट आले आणि ते बंद पडले. लेखकाला लिहिले, तर सवड झाली की पाहतो, असे उत्तर आले, आणि ते रास्तच होते. फुकटच्या वस्तूबद्दल कोणत्या तोंडाने भांडणार? पैसे भरले की विचारण्याचा हक्क मिळतो, मी त्याचीच किंमत मोजते.

बीकेसीतला आयटीवाला:
घरच्या पीसीवर काय हवे ते करा. एक्सप्लोररमध्ये शिरणारे सॉफ्टवेअर, पैसे भरलेले असो वा नसो, ऑफिसच्या यंत्रावर मी चालू देणार नाही. २०२४ मध्ये अशी काही सॉफ्टवेअर असलेल्या पीसींना मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ ची २४एच२ ही नवी आवृत्ती देणेच रोखले होते.

पवईकर:
आयटीवाल्यांचे म्हणणे मान्य; मी ऑफिसांना विकतही नाही. लॅमिंग्टन रोडवाले, मोफत पर्याय चांगले आहेत, पण क्लासिक शेलचेच उदाहरण दुसऱ्या बाजूने पाहा: ते चालू राहिले ते दुसऱ्या कोणीतरी आपला वेळ फुकट दिला म्हणून, आणि तसा माणूस प्रत्येक वेळी मिळेलच असे नाही. पैसे देणारा ग्राहक नव्हताच, असेही नाही. स्टारडॉक कंपनीचे, विंडोजचे रूप बदलणारे विंडोब्लाइंड्स १९९८ पासून विकले जात आहे. दुसऱ्यांदा पैसे भरण्याचा राग मात्र मायक्रोसॉफ्टवर काढायला हवा; ती सोय मी काढलेली नाही.

लॅमिंग्टन रोडवाला:
राग कोणावर काढायचा ते मी ठरवतो. सर्व्हरबद्दलच्या प्रश्नाला आपण सोयीस्कर बगल दिलीत. काम थांबवताना ॲक्टिव्हेशनची अट काढून टाकणारी शेवटची आवृत्ती देईन, असे परवान्यात स्पष्ट लिहा, म्हणजे विकत घेण्याचा विचार तरी करता येईल.

पवईकर:
आवृत्तीचे कबूल, पुढच्या परवान्यात ते कलम घालतो. सोर्स कोड मात्र खुला करणार नाही.