शब्दचर्चा : ‘गप्प बसा आणि पानं वाटा’? (सिनेमातलं शेवटचं वाक्य, मदत हवी)

पिटातला_प्रेक्षक
मंडळी, अडलोय. आमच्या सोसायटीत ज्येष्ठ मंडळींसाठी अधूनमधून जुने इंग्रजी सिनेमे लावतो, खाली मराठी ओळी टाकून, आणि त्या ओळी लिहायचं लोढणं माझ्या गळ्यात आहे. यावेळी बिली वाइल्डरचा १९६० चा ‘द अपार्टमेंट’ घेतलाय. अख्खा सिनेमा उरकला आणि गाडी नेमकी शेवटच्या वाक्यावर अडली.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी (शेवट फोडला म्हणून ओरडू नका, साठ वर्षांहून जास्त झाली त्याला): ३१ डिसेंबरची रात्र, जॅक लेमन आणि शर्ली मॅक्लेन सोफ्यावर बसलेत, मध्ये पत्त्यांचा कॅट. मागे कधीतरी अर्धवट राहिलेला रमीचा डाव पुरा करायला ती आलीये. तो म्हणतो, मिस क्युबेलिक, ऐकलंत का, माझं जिवापाड प्रेम आहे तुमच्यावर. ती कॅट त्याच्या हातात कोंबते आणि म्हणते, ‘शट अप अँड डील’. तो तिच्याकडे बघत बघत पानं वाटायला लागतो, संपलं.

आता पहिली भानगड, ‘डील’ म्हणजे पानं वाटणं, पण ‘गप्प बस आणि वाट’ एवढंच लिहिलं तर वाचणारा थांबतो, वाट काय? बघ? लाव? ‘गप्प बसा आणि पानं वाटा’ लिहून आईला दाखवलं तर म्हणाली कसली पानं, मेंदीची का? म्हणजे पाट्यावर वाटायची.

दुसरी मोठी भानगड. अख्ख्या सिनेमात मी दोघांना अहो-जाहो करायला लावलंय, कारण तो शेवटपर्यंत तिला मिस क्युबेलिकच म्हणतो. मग शेवटी एकदम ‘गप बस’ चालेल का?

चिकूमावशी
गप बस आणि पत्ते वाट. झालं. पानं कोण म्हणतं आता.

पेठकर
कोण म्हणतं म्हणजे? सगळे म्हणतात, तुमच्या लक्षात येत नाही इतकंच. खेळाला पत्ते, हातात आले की पानं. ‘पत्ते खेळूया का’ पण ‘मला काय घाण पानं आलीयेत’. ‘पान टाक’, ‘तेरा तेरा पानं वाट’. ‘घाण पत्ते आलेत’ हे हिंदी सिनेमे बघून आलंय, त्यामुळे ‘पानं वाटा’ हेच बरोबर आणि मेंदीचा प्रश्न येत नाही, समोर पडद्यावर कॅट दिसतोय ना.

वऱ्हाडी_ठसका
राजेहो, आमच्या इकडे लहानपणापासून पत्तेच आहेत, आणि तुम्ही ज्याले कॅट म्हणता ते गड्डी. मग आम्ही काय मराठी नाही का? बाकी ‘चूप बैस अन् पत्ते वाट’ यात जी मजा आहे ती तुमच्या ‘गप्प बसा’त नाही. गप्प बसा म्हटलं की हाताची घडी तोंडावर बोट.

पेठकर
मराठी नाही असं मी कुठे म्हणालो, प्रमाण काय ते सांगितलं.

वऱ्हाडी_ठसका
तेच म्हणाले तुम्ही.

न्यूजर्सीतला_बाप्या
भांडणात मुद्दा हरवतोय. माझं मत, शेवटच्या वाक्यात तिला ‘तू’वर येऊ द्या. इंग्रजीत तू-तुम्ही नाहीच, त्यामुळे वाइल्डरला ती सोय नव्हती, आपल्याला आहे तर का सोडायची? त्याच्या ‘आय अडोअर यू’ला ती सरळ उत्तर देतच नाही. मराठीत ते उत्तर त्या एका ‘बस’मध्ये बसतं.

मळवट
बाप्या, म्हणूनच नको. ती उत्तर देत नाही हीच तर त्या वाक्याची ताकद आहे ना, आणि तुम्ही ‘तू’ घालून मागच्या दाराने होकार देताय. तो शेवटपर्यंत मिस म्हणतो आणि ही एकदम अरे-तुरे करते म्हटल्यावर बघणाऱ्याला कळलंच की सगळं. मूळात नाही ते घालू नये.

न्यूजर्सीतला_बाप्या
मूळात ‘तुम्ही’ तरी कुठेय? तेही आपणच घातलं की. अनुवादात काहीतरी घालावंच लागतं, प्रश्न एवढाच की कुठे.

आक्का_बेळगाव
तू आणि तुम्ही एवढंच का धरून बसलाय ओ? आमची आजी जन्मभर आजोबांना ‘अहो’ म्हणाली. दोघं रोज दुपारी रमी खेळत, आजोबांना पिसता पिसता गोष्टी सांगायची खोड. कॅट हातात घेऊन कुठलातरी १९५२ चा कोर्टातला किस्सा चालू व्हायचा, पानं तशीच हातात. मग आजी म्हणायची ‘गप्प बसा हो, वाटा बघू’. त्या ‘हो’त आणि ‘बघू’त सगळं होतं. तुम्ही तो ‘हो’ घाला की, ‘गप्प बसा हो, पानं वाटा’. मान पण राहिला आणि लाडीगोडी पण नाही.

चिकूमावशी
आक्का _/\_ हे आवडलं

मळवट
‘हो’ छान आहे, पण त्याने तिचं वय तीस वर्षांनी वाढतं. नवीन वर्षाच्या पार्टीतून पळत आलेली, त्याच्या ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट चालवणारी पोरगी आहे ती, मुरलेल्या संसारातली बायको नाही.

डावखुरा
‘बोलणं पुरे, डाव मांडा’ कसं वाटतं? डाव अर्धा राहिलेला आहेच सिनेमात, त्यामुळे अर्थही खोल जातो.

पेठकर
कृपा करून अर्थ खोल नेऊ नका. मराठी माणसाला डाव म्हटलं की अर्ध्यावर मोडलेलाच आठवतो, भावगीत सुरू होतं डोक्यात. आणि डाव मांडणं वेगळं, पानं वाटणं वेगळं. सारीपाट मांडतात, पत्ते वाटतात.

डावखुरा
कोशात ‘डाव मांडणे’ आहे.

पेठकर
कोशात बरंच काही आहे. कोशातले लोक रमी खेळत नाहीत.

पिटातला_प्रेक्षक
बरं, अजून एक विचारायचं राहिलं. कार्यक्रमाच्या पत्रकात ‘सिनेमाची गाजलेली भरतवाक्यं’ असं छोटं टिपण टाकायचं होतं. क्लोजिंग लाइनला भरतवाक्य चालेल ना?

मळवट
अजिबात नाही. भरतवाक्य म्हणजे संस्कृत नाटकाच्या शेवटचा आशीर्वादाचा श्लोक. शाकुंतलाचं घ्या, ‘प्रवर्ततां प्रकृतिहिताय पार्थिवः’, राजा प्रजेच्या हितासाठी झटो, सरस्वतीचा मान वाढो, आणि शिवशंकर माझा पुनर्जन्म टाळो. गोष्ट संपलेली असते, मग मागणं. तिकडे ‘गप्प बस, पानं वाट’ म्हणणारी बाई सरस्वतीसाठी काही मागतेय असं मला दिसलं नाही.

न्यूजर्सीतला_बाप्या
तो संस्कृतातला अर्थ. मराठीत कधीच बदललाय. सभेत शेवटचा वक्ता उभा राहिला की ‘यांनी भरतवाक्य केलं’ असं पेपरात सर्रास येतं. वापर ठरवतो, व्युत्पत्ती नाही.

मळवट
पेपरात ‘संपन्न झाला’ पण येतं सगळ्याला.

वऱ्हाडी_ठसका
भरत म्हणजे रामाचा भाऊ का? तो चौदा वर्षं थांबला म्हणून शेवटचं वाक्य त्याचं?

डावखुरा
हाहा. नाही, भरत म्हणजे नट असा अर्थ आहे, नटाने भूमिका बाजूला ठेवून म्हटलेलं वाक्य ते भरतवाक्य. भरतमुनींशी पण जोडतात. मला नटवाला अर्थ जास्त पटतो, कारण त्या श्लोकात दुष्यंत दुष्यंत राहत नाही, नट होतो आणि प्रेक्षकांसाठी मागतो. त्या हिशोबाने मळवट म्हणतात ते बरोबर, सिनेमात असं कुणी करत नाही. ‘सन्सेट बुलेव्हार्ड’ (१९५०) सोडून. ग्लोरिया स्वॉन्सन सरळ कॅमेऱ्याकडे चालत येते, मिस्टर डेमिल मी क्लोजअपला तयार आहे म्हणत, आणि अंधारात बसलेल्या लोकांचा पण उल्लेख करते. पण ती वेडी झालेली असते, आणि आशीर्वाद तर नक्कीच देत नाही.

चिकूमावशी
साधं ‘शेवटचं वाक्य’ म्हणा की. कशाला एवढा खटाटोप.

मळवट
तेही अवघड आहे मावशी. शेवटचं म्हणजे खरंच शेवटी उच्चारलेलं, की लोकांच्या लक्षात राहिलेलं? ‘द मॉल्टीज फाल्कन’ (१९४१) मध्ये सगळे बोगार्टचं ‘स्वप्नं ज्याची बनतात तो ऐवज’ धरतात, पण त्याच्यावर तो पोलिसवाला ‘हं?’ करतो, ते खरं शेवटचं. ‘चायनाटाउन’चं (१९७४) ‘सोड जेक, हे चायनाटाउन आहे’ यानंतरही पोलीस गर्दी हटवताना ओरडत असतात. आणि ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) विचारा कुणालाही, क्लार्क गेबलचं ‘आय डोन्ट गिव्ह अ डॅम’ सांगतील. तो ते बोलून जातो, त्यानंतर व्हिव्हियन ली पायऱ्यांवर रडते, टाराला, म्हणजे माहेरच्या मळ्यावर, परत जायचं ठरवते आणि म्हणते ‘टुमॉरो इज अनदर डे’. शेवट तिचा आहे, नाव त्याचं झालं.

पिटातला_प्रेक्षक
हो, पुढच्या वेळी तोच लावायचा घाट आहे. ‘उद्याचा दिवस आहेच’ असं करून ठेवलंय.

वऱ्हाडी_ठसका
‘उद्या या’ लिहा. सोसायटीतल्या सगळ्यांनी सरकारी हापिसात ऐकलंय, लगेच पोचेल.

आक्का_बेळगाव
‘उद्या उजाडतंयच की’ म्हणा ओ.

पेठकर
‘उद्या उजाडेलच’ पुरे. ‘की’ बेळगावात ठेवा.

आक्का_बेळगाव
ठेवते. तुमचं ‘पुरे’ पण पेठेतच ठेवा मग.

न्यूजर्सीतला_बाप्या
‘कॅसाब्लांका’ (१९४२) करून बघा, घाम फुटेल. ‘लुई, मला वाटतं ही एका सुंदर मैत्रीची सुरुवात आहे’, शब्दाला शब्द बरोबर आणि वाचताना लग्नाच्या पत्रिकेतला मजकूर. गंमत म्हणजे ते वाक्य शूटिंग झाल्यावर निर्माता हॅल वॉलिसने लिहिलं आणि बोगार्टला परत बोलावून नुसता आवाज भरला. धुक्यात दोघं पाठमोरे चाललेत, ओठ दिसायचा प्रश्नच नाही.

आक्का_बेळगाव
‘लुई, आपलं जमणार बघ.’ घ्या.

मळवट
हे मात्र फर्मास आहे. ‘सुंदर’ गेलं ते एक बरंच झालं.

डावखुरा
मग वाइल्डरचंच दुसरं सोडवा, ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९). होडीत जॅक लेमन बाईच्या वेषात, तो लखपती म्हातारा लग्नाला हटून बसलाय. मी खरी सोनेरी केसांची नाही, चालेल. सारखी सिगारेट ओढते, चालेल. मूल होणार नाही, दत्तक घेऊ. शेवटी विग उपटून ‘अरे मी पुरुष आहे’. म्हातारा होडी चालवतच म्हणतो, ‘वेल, नोबडीज परफेक्ट’. हे वाक्य वाइल्डरचा जोडीदार आय. ए. एल. डायमंडने तात्पुरतं सुचवलं होतं, पुढे चांगलं काही सुचलं की बदलू म्हणून. बदललं नाही, आणि वाइल्डरच्या थडग्यावर सुद्धा त्याचीच कोटी कोरलीये.

माझा प्रयत्न: ‘सर्वगुणसंपन्न कोण असतं?’

चिकूमावशी
‘चालायचंच.’

डावखुरा
मावशी...

मळवट
‘चालायचंच’! बंद करा चर्चा. वर तो प्रत्येक गोष्टीला ‘चालेल’ म्हणतोय, त्यावर ‘चालायचंच’ म्हणजे दोन पायऱ्या पुढे.

पेठकर
पण ‘परफेक्ट’ कुठे गेलं? ‘चालायचंच’ मध्ये हताशपणा आहे. दूध नासलं, चालायचंच. पाहुणे राहायला आले, चालायचंच. म्हातारा हताश नाही, खुशीत आहे. शिवाय मूळ वाक्यात एक सर्वसाधारण विधान आहे माणसाबद्दल, ते पार गेलं.

चिकूमावशी
गेलं तर गेलं. हसू येतंय ना?

पेठकर
हसू ‘हा माझा बायको पार्वती’लाही येतं.

वऱ्हाडी_ठसका
बनवाबनवीचं नाव काढायचं नाही या धाग्यात, नाहीतर पाचशे प्रतिसाद होतील. तसा ‘सम लाइक इट हॉट’चा हिंदी अवतार ‘रफू चक्कर’ (१९७५), बनवाबनवी (१९८८) त्यावरून नाही, ती ‘बीवी और मकान’वरून. लोक दोन्हीचा घोळ घालतात म्हणून सांगून ठेवतो.

पिटातला_प्रेक्षक
अहो रविवारी शो आहे माझा. ‘डील’चं काय करू? सध्या ‘गप्प बसा हो, पानं वाटा’ आणि ‘गप बस आणि वाट’ दोन्ही फाइलमध्ये आहेत. त्यात या सिनेमात लोक कशालाही ‘-वाइज’ जोडतात, कुकी-वाइज वगैरे, त्यालाही मी ‘-दृष्ट्या’ करत बसलोय, ‘बिस्किटदृष्ट्या’ वाचून कुणीतरी मला मारणार.

न्यूजर्सीतला_बाप्या
‘बिस्किटदृष्ट्या’ अजिबात बदलू नका.

मळवट
माझं अजूनही मत ‘गप्प बसा आणि वाटा’. ‘पानं’ काढाच. इंग्रजीत तरी कार्ड्स शब्द कुठेय? हातात कॅट दिसतोय.

डावखुरा
अवांतर: हा ‘कॅट’ आला कुठून? किलवरचं समजू शकतो, डच लोक त्याला क्लावर म्हणतात. इस्पिकला फ्रेंचात पीक म्हणतात. पण कॅट?

वऱ्हाडी_ठसका
म्हणून म्हणतो गड्डी म्हणा. गड्डीले गड्डी का म्हणतात ते विचारावं लागत नाही.

पेठकर
पोर्तुगीज ‘कार्ता’वरून असावा. कार्ता, काट, कॅट.

मळवट
‘काट, कॅट’ हे तुम्ही आत्ता बनवलंत.

पेठकर
मग तुम्ही सांगा.

आक्का_बेळगाव
ते राहू दे. मेंढीकोटात दश्शीला मेंढी का म्हणतात ते आधी सांगा कुणीतरी, लहानपणापासून विचारतेय.