चांदीची तार खाचेतून सुटायलीय : बिदरी कामातली अडचण

तारवाला_उदगीर
नमस्कार. बिदरी पद्धतीची तारकशी, म्हणजे जस्ताच्या काळ्या वस्तूवर खाच घेऊन त्यात चांदीची तार ठोकून बसवणं, शिकायलोय. १० × १० सेंमीची, ३ मिमी जाड जस्ताची पट्टी घेतली. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) पाण्यानं पुसून काळी केली, टोकदार सळईनं वेलबुट्टी काढली आणि छिन्नीनं खाच घेतली. खाच ०.४ मिमी रुंद आणि साधारण अर्धा मिमी खोल. काठाला उठलेली कड पॉलिश पेपरनं साफ करून घेतली. मग सराफाकडून आणलेली २८ गेजची तार जशीच्या तशी ठोकून बसवली. ठोकल्यावर बसल्यासारखी वाटते, पण कानस लावली की सुटते. वळणावर तर बोटभर तार एकदम वर येते. शिवाय एका कोपऱ्यावर नवसागर (अमोनियम क्लोराईड) आणि मातीचा लेप लावून पाहिला, काळं न होता राखाडी डाग पडले. तारेखाली काही चिकटवायला लावावं का?

छिन्नी_हातोडी
दादा, चिकटवायचं डोक्यातून काढून टाका. बिदरीत तार नुसत्या दाबानं धरली जाते, आणि ती धरणारी गोष्टच तुम्ही घासून टाकलीय. छिन्नी चालते तेव्हा काठाला जी बारीक कड उठते, ती कचरा नाही. तार ठेवून ठोकलं की तीच कड परत खाली वळते आणि तारेला दोन्ही बाजूंनी ओठासारखी दाबून धरते. खाच घेतल्यावर आतला चुरा मऊ ब्रशनं झाडायचा, काठाला पॉलिश पेपर लावायचा नाही.

दुसरी चूक खोलीची. २८ गेजची तार ०.३७६ मिमीची. तिचा छेद सुमारे ०.११ चौरस मिमी भरतो. तुमची खाच ०.४ × ०.५ म्हणजे ०.२० चौरस मिमी. तार कितीही ठोका, अर्धी खाच पोकळच राहणार. या तारेला खोली ०.२५ मिमी पुरे. तोंड ०.४ आणि तळ किंचित रुंद, ०.४५ च्या आसपास, म्हणजे खाच तारेनं पूर्ण भरते आणि केसभर तार वर उरते. तेवढीच कानशीनं जायला हवी.

एवढ्या बारीक गोष्टीला माप कोण लावणार? सोपी खूण आहे. तार खाचेत नुसती ठेवा, ठोकू नका, आणि भिंगातून आडवं बघा. तारेचा एक तृतीयांश भाग वर दिसला तर खोली बरोबर. तार पूर्ण बुडाली तर खाच जास्त झाली.

तळ रुंद करायला तीन फेऱ्या घ्या. पहिली सरळ. दुसरीत छिन्नीची धार डावीकडे जाईल अशी कलवून डाव्या भिंतीचा पाया आतून कापा, तिसरीत तसंच उजवीकडे. या दोन तिरप्या फेऱ्यांतच कड नीट उठते. पट्टी हलू देऊ नका. राळ आणि विटेची पूड गरम करून एकत्र करा, त्याचा थर देऊन त्यात पट्टी बसवा. आणि पट्टी वाकवून बघू नका, ओतीव जस्त थंडपणी तडकतं.

जंत्री
वरच्या उत्तरात तारेचं राहिलं. जंत्रीतून (तार बारीक करायच्या भोकांच्या पट्टीतून) ओढलेली तार कडक झालेली असते. ती खाचेत पसरत नाही, स्प्रिंगसारखी उसळते. वळणावर बोटभर उठते ती त्यामुळे. बसवण्याआधी तार गुंडाळी करून मंद आचेवर अंधाऱ्या जागी तापवा. फिकट लाली दिसली की काढा आणि पाण्यात टाका. उजेडात लाली कळत नाही, जास्त तापते आणि बारीक तार क्षणात वितळून मणी होते. हे काम आधीच करायचं. पट्टीवर बसलेल्या तारेला कधीच ज्योत लावू नका. चांदी ९६२ अंशांना वितळते, पण खालचं जस्त ४१९ लाच पातळ होतं.

चांदी शंभर नंबरी, म्हणजे शुद्ध घ्या. ९२५ म्हणजे साडेब्याण्णव टक्क्यांच्या चांदीत तांबं असतं, त्यामुळे ती जास्त कडक असते आणि तापवल्यावर काळवंडते. २८ गेजच्या १० ग्रॅममध्ये साडेआठ मीटरच्या आसपास तार निघते, सरावाला भरपूर झाली.

तार एका टोकापासून बसवत जा. सपाट तोंडाचा ठोकणा, हलकी हातोडी, एकाच जागी जोरात नाही, पुढं पुढं सरकत. टोकदार कोपऱ्यावर तार वळवू नका, तिथं छिन्नीनं कापून नवा तुकडा सुरू करा. प्रत्येक टोकाला खाच किंचित आत तिरपी घ्या. सुटायला सुरुवात टोकापासूनच होते.

कानस तारेच्या लांबीच्या दिशेनं फिरवा. आडवी फिरवली की दात तारेत अडकून ती उपटतात. जस्त कानशीत भरतं, म्हणून कानशीला आधी खडू चोळा. मग लाकडी ठोकळ्यावर २२०, ४००, ६०० नंबरचा पॉलिश पेपर क्रमानं लावून घासा, पाणी लावत.

तारवाला_उदगीर
खूप आभार. म्हणजे ही पट्टी वाया गेली का? आणि काळं का होईना?

जस्त_तांबं
काळं न होण्याचं कारण पट्टीत आहे. नुसत्या जस्ताला तो काळा रंग चढत नाही, राखाडीच राहतं. बिदरीचा धातू जस्त-तांब्याचा असतो. नेहमी सांगितलं जाणारं प्रमाण १६ ला १, म्हणजे किलोभर जस्ताला ६२ ग्रॅम तांबं. रंग धरतो तो या तांब्यामुळं. तांबं वितळवायला १०८५ अंश गाठायची गरज नाही. बारीक तार कापून पातळ जस्तात टाका आणि ढवळत राहा, विरघळतं. जास्त तापवू नका. जस्त ९०७ ला उकळतं आणि त्याआधीच पांढरा धूर सोडायला लागतं. तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. ओतकाम मोकळ्या अंगणात, वाऱ्याकडं पाठ करून.

मोरचुदाचा काळेपणा वेगळा, तो फक्त रेघ दिसावी म्हणून असतो आणि कानशीबरोबर निघून जातो. शेवटचा रंग नवसागर आणि जुन्या वास्तूच्या आतल्या मातीनं येतो. ऊन-पाऊस न लागलेली, खारवट माती हवी. बिदरचे कारागीर ती जिभेला लावून पारखतात. तुम्हाला बिदर जवळ आहे, पण किल्ल्यात जाऊन उकरू नका, संरक्षित वास्तू आहे. काम करणाऱ्या कारागिराकडूनच मूठभर मागून घ्या. लेप लावण्याआधी वस्तूला बोट लागू देऊ नका. तेलकट ठसा पडला तिथं रंग चढत नाही. वस्तू कोमट नव्हे, चांगली गरम हवी. लेप चोळा, काळं झालं की धुवा, पुसा आणि खोबरेल तेलाचा हात फिरवा. चांदी पांढरीच राहते. नवसागराचा वास डोळ्यांना झोंबतो, खिडकी उघडी ठेवा, आणि लेप कालवलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकाला नको.

आता तुमची पट्टी. ३ मिमी जाड आहे ना? तार सगळी काढा आणि पूर्ण पट्टी पाव मिमी घासून खाली आणा. खाच आपोआप ०.२५ वर येईल. मग दोन्ही तिरप्या फेऱ्या पुन्हा द्या, नवी कड उठेल. काळी होणार नाही, पण तार पकडते की नाही हे त्याच पट्टीवर कळेल. निघालेली तार पुन्हा तापवून वापरा.