वेगळं पातेलं नको

वहिनी: सगळ्यांचा सल्ला हवाय. सोमवारपासून रात्रीच्या जेवणाचं आठवडाभराचं आधीच ठरवून ठेवायचं आहे. मला ६ किलो कमी करायचेत. पण मुलं वाढीच्या वयात, आईंचं खाणं आधीच कमी झालंय आणि ह्यांना घरी यायला साडेनऊ होतात. मागच्या वेळी माझ्यापुरतं वेगळं शिजवत होते. १२ दिवस टिकलं. रोज दोन स्वयंपाक, वर धाकट्यानं विचारलं, "आई, तू आजारी आहेस का?" त्या दिवशी सोडून दिलं.

ताई: वेगळं पातेलं अजिबात नको गं. पातेलं एक, वाढणं वेगळं. मी दोन वर्षं हेच करतेय. सुरुवात तेलापासून कर. मी आधी बाटलीतून थेट ओतायचे. एकदा मोजलं तर चौघांच्या भाजीत सहा मोठे चमचे निघाले. १५ मिलीच्या एका चमच्यात साधारण १२० कॅलरी, म्हणजे नुसत्या तेलाच्या ७२०. आता तीन चमचे घालते, घरात कुणाला फरक जाणवला नाही. मुलांना जास्त हवं तर त्यांच्या ताटात वरून लोणी, चीज घालायचं. वरून घालता येतं, पातेल्यातून काढता येत नाही.

दादा: आणि भात? तो बंदच करायचा का?

ताई: बंद कशाला? शिजलेल्या १०० ग्रॅम भातात सुमारे १३० कॅलरी, तेवढ्याच शिजलेल्या मसुरीत ११५ च्या आसपास. कॅलरीत फार फरक नाही. पण मसुरीत ९ ग्रॅम प्रथिनं, भातात तीनसुद्धा नाहीत. डाळीत तंतूही भरपूर, त्यामुळे पोट बराच वेळ भरलेलं राहतं. म्हणून वहिनीच्या ताटात अर्धी जागा भाज्यांना, पाव भाग डाळ, अंडी किंवा मासे आणि पाव भाग भात. मुलांच्या ताटात भात वाढव. भात कालवून ठेवू नकोस, वेगळ्या भांड्यात ठेव.

मामी: वजन करून खाणार असशील तर कच्चं की शिजलेलं ते नीट लिही. मी कोरडे तांदूळ तोलायचे आणि कॅलरी शिजलेल्या भाताच्या धरायचे. कोरड्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या वर असतात. महिनाभर हिशेब चुकत होता आणि मला वाटत होतं, शरीरच ऐकत नाही.

आई: माझं एक ऐका. मुलांसमोर वजनाचा विषय काढू नका, मोठीचे कान तिखट आहेत. आणि मला चावायला जड काही नको.

वहिनी: नाही काढणार आई. तुमच्यासाठी डाळ जरा जास्त मऊ करते, बरोबर अंडं.

ताई: आईचं अंडं चुकवू नकोस. या वयात स्नायू झडतात, प्रथिनं कमी पडली की आणखी लवकर.

ताई: आता आठवड्याचं. पदार्थ ठरवायच्या आधी सांग, कोणत्या दिवशी तू सगळ्यात दमलेली असतेस?

वहिनी: बुधवार आणि शुक्रवार. त्या दिवशी ओट्याजवळ उभंही राहवत नाही.

ताई: मग तेच दोन दिवस आधी भर. बाकीचे आपोआप बसतात. सगळे बेत बिघडतात ते याच संध्याकाळी.

दादा: शुक्रवारी तयार पाकिटातलं गरम केलं तर?

ताई: कधीतरी ठीक, पण दर शुक्रवारी नको. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं होतं, हवं तेवढं खायची मुभा होती. पाकीटबंद प्रकारच्या अन्नावर ते दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. त्यापेक्षा रविवारी कडधान्याचं मोठं पातेलं शिजव. थोडं सोमवारी, थोडं बुधवारच्या सूपसाठी फ्रीजमध्ये, उरलेलं शुक्रवारसाठी फ्रीजरमध्ये.

मामी: भात मात्र रविवारचा बुधवारी नको. शिजवूनही त्यात काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात. भात बाहेर राहिला की ते वाढतात, आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा.

वहिनी: हे माहीत नव्हतं. मी रात्रभर ओट्यावर ठेवायचे.

वहिनी: अजून एक. माझं जेवण होतं, मग मुलांच्या ताटातलं उरलेलं खाते. टाकवत नाही.

आई: मीही आयुष्यभर तेच केलं. तूच आधी कमी वाढ. मागितलं की परत वाढायचं.

ताई: आई, अगदी बरोबर. वहिनी, हे दुसरं जेवण कुठल्याच वहीत येत नाही. आणि वजन रोज बघू नकोस. खारट जेवलं की पाणी साठून काटा एका रात्रीत किलोभर वर जातो, ती चरबी नसते. आठवड्याला अर्धा किलो धर, तीन महिने लागतील.

वहिनी: मग असं लिहिते. सोमवार कडधान्य, भाज्या, भात. मंगळवार मासे आणि उकडलेले बटाटे. बुधवार सूप आणि अंडी. गुरुवार डाळ, दोन भाज्या. शुक्रवार फ्रीजरमधलं. शनिवारी मुलं सांगतील ते, तेल मोजून. रविवार अजून मोकळा आहे.

दादा: माझं ताट आधीच वाढून झाकून ठेव. साडेनऊला पातेल्यातून घेतो तेव्हा किती घेतो ते कळत नाही. आणि रविवारी भाज्या मी चिरतो.

वहिनी: दहा वाजता सुरू करू. कडधान्य शनिवारी रात्री भिजवायची आठवण मला कुणीतरी करा.

आई: मी करीन.