हवेचे सेन्सर पहाटे भलतेच आकडे दाखवतात, मदत हवी आहे

भिंगरी: वस्तीतल्या रहिवाशांनी मिळून सहा सेन्सर लावलेत. दिवसभर ठीक चालतात. पहाटे मात्र शेजारशेजारच्या गच्च्यांवर एक ३१० म्हणतो, दुसरा २०५. ग्रुपवर रोज भांडणं. खरा कुठला? लवकर सांगा, उद्या आकडे फलकावर लावायचेत.

खटपट्या: सेन्सर कुठला? ३१० हे मायक्रोग्रॅम की एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक)? आर्द्रता किती?

भिंगरी: पीएमएस ५००३, सगळे तोच तर वापरतात. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, दर घनमीटरला मायक्रोग्रॅम. आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास.

दवबिंदू: मग झालं की! ८० टक्क्यांच्या वर कण पाणी शोषून फुगतात, सेन्सरमधल्या लेझरला मोठे दिसतात. ते तास सरळ गाळा.

खटपट्या: गाळा काय? पहाटे वारा पडलेला, थंड हवा जमिनीलगत बसलेली, धूर वर जातच नाही. खरं प्रदूषणही तेव्हाच वाढतं. शेजारी आर्द्रता लिहा, आकडा ठेवा. आणि दमट हवा दोन्ही गच्च्यांवर सारखीच, मग शंभराचा फरक कुठून आला?

नळकोंडाळं: हवेचं सोडा, घरोघरी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर द्या. लोकांना पाण्याची जास्त काळजी असते.

खटपट्या: टीडीएस मीटर विद्युतवाहकता मोजतो, जंतू त्याला दिसत नाहीत. त्यासाठी एचटूएसची (हायड्रोजन सल्फाइड चाचणीची) बाटली: २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर मैलापाण्याची शंका घ्यायची. वेगळा धागा काढा.

बत्तीस_बाइट: भिंगरी, दुपारचे आकडे किती? आणि दोन्ही सेन्सर-पेट्यांचा कोड एकाचाच आहे का?

भिंगरी: दुपारी २०-२५, दोन्हीकडे जवळपास सारखे. कोड ज्याचा त्याने टाकलाय.

बत्तीस_बाइट: तिथेच घोळ आहे. हा सेन्सर पीएम २.५ दोन रकान्यांत पाठवतो: डेटा २ म्हणजे 'सीएफ १' (कारखान्यातल्या वापरासाठी), डेटा ५ म्हणजे 'वातावरणीय' (उघड्या हवेसाठी). हवा बरी असेल तर दोन्ही सारखे. आकडा चढला की फाटतात, वरच्या टोकाला डेटा ५ हा डेटा २च्या साधारण दोन तृतीयांश. तुमचे ३१० आणि २०५ पाहा.

भिंगरी: पाहिलं, ३१०वाला डेटा २ वाचतोय! म्हणजे २०५ खरा. तोच लावते.

बत्तीस_बाइट: थांबा. रकाना जुळला, आकडा खरा ठरला नाही. सहाही पेट्यांत एकच कोड टाका, आठवडाभर एकाच गच्चीवर हातभर अंतराने ठेवा. बाकीच्यांशी न जुळणारी पेटी उघडा, पंख्यात जाळं किंवा धूळ निघते. मग त्यातल्या दोन पेट्या हवा मोजणाऱ्या सरकारी केंद्राशेजारी दोनेक आठवडे ठेवा. जुन्या नोंदींना सरसकट गुणाकार करू नका, मधल्या पट्ट्यात गुणोत्तर बदलतं.

दवबिंदू: आणि आर्द्रतेची दुरुस्ती?

बत्तीस_बाइट: केंद्राशी तुलना झाल्यावर. फलकावर तोवर 'तपासणी चालू' लिहा आणि कचरा कुठे, किती वाजता जळतो याची वही रहिवाशांकडे द्या. त्याला सेन्सर लागत नाही.